खंदकाच्या घरातली म्हातारी

ते घर मी कधी पाहिलं नाही, पण त्याची धास्ती मात्र माझ्या वाट्याला आली. जर्मनीत कुठंतरी मोठं दगडी घर, चहूबाजूंनी पाण्याचा खंदक, आणि ये-जा करायला एकच लाकडी पूल. दिवेलागणीला तो पूल साखळ्यांनी वर ओढायचा, ही त्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. हे सगळं मला शारजात, साठच्या दशकात, त्याच घरात संसार केलेल्या एका म्हातारीनं सांगितलं.

तिचा मुलगा इंजिनियर आणि आमचे हे त्याच्याकडे स्वयंपाकी. म्हणून मी चार वर्षांच्या मुलीला घेऊन रत्नागिरीहून आले आणि त्यांच्या मागच्या खोलीत संसार मांडला. घर खाडीलगतच्या सपाट, खाऱ्या जमिनीवर होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी घराभोवती फिरायचं. मग फाटकासमोरच्या चरावर टाकलेली फळी हाच काय तो रस्ता. आमच्याकडे वहाळावर साकव असतो, तसाच.

उधाण आलं की माझं काळीज उडायचं, कारण माझा थोरला भाऊ गावच्या खाडीत होडीसकट बुडाला होता. म्हातारीला मात्र पाणी चढलं की हायसं वाटायचं. इथल्या नोकरांकडून शिकलेल्या मोडक्या हिंदीत ती म्हणायची, "अच्छा पानी. अब कोई नहीं आता."

कोण येणार होतं तेही तिनंच सांगितलं. जर्मनीतली लढाई संपत आली होती. एका संध्याकाळी खंदकापलीकडून त्यांच्या जुन्या गड्यानं हाक मारली. आवाज ओळखीचा, म्हणून तिच्या नवऱ्यानं पूल खाली सोडला. गड्याच्या पाठीला बंदुका लागलेल्या होत्या. नवरा पुलावरच पडला आणि घर रात्रभर जळत राहिलं. एवढं ऐकवून वर मला म्हणायची, "डरना मत!" दया यायची तिची, पण रागही यायचा.

एका पौर्णिमेला वायव्येचा शमाल वारा सुटला होता. साहेब कामावर होते. हे मुलीला घेऊन रोल्लाच्या बाजारात सामान आणायला गेले होते. दिवस मावळला, मगरिबची अजान झाली, पाणी भराभर चढू लागलं. मी दुवा पुटपुटत फाटकाशी धावले, तर फळी जागेवर नाही! म्हातारीनं ती आत ओढली होती आणि तिच्यावरच ठाण मांडून बसली होती.

"मेरा आदमी बाहर है! बच्ची बाहर है!"

"आवाज आएगा," ती कुजबुजली. "पहचान का आवाज. मत खोलो."

तेवढ्यात पलीकडून ह्यांची हाक आली. "अगो, फळी टाक! पाणी गुडघ्यावर आलंय, चर दिसत नाही! पोरगी खांद्यावर आहे!"

मी फळीला हात घातला. म्हातारी ती सोडीना. त्या काटक्यांसारख्या हातांत एवढा जोर कुठून आला कोण जाणे. आणि खरं सांगते, त्या क्षणी माझ्याही मनात आलं, ह्यांच्या मागे कुणी उभं तर नसेल? स्वतःच्या नवऱ्याचा आवाज मला परका वाटला.

मग मुलगी रडू लागली. "अम्मी, पाणी! अम्मी!"

म्हातारीचे हात सैल पडले. दोघींनी मिळून फळी लोटली. हे धडपडत आत आले. मुलगी चिंब भिजली होती, माझ्या गळ्यात पडून हुंदके देत होती. म्हातारी ह्यांच्या मागच्या काळ्या पाण्याकडे बघत राहिली. मग वाकली आणि फळी परत ओढू लागली. मी मुलीला ह्यांच्याकडे दिलं आणि फळीचं दुसरं टोक धरलं.

आता मी मुलीकडे राहते, दुबईतल्या एका टॉवरमध्ये, विसाव्या मजल्यावर. खाली लिफ्टजवळ पहारेकरी असतो. तरी संध्याकाळी बेल वाजली की मी आतूनच विचारते, "कोण?"

"अम्मी, इट्स ओन्ली मी," मुलगी म्हणते.

आवाज ओळखते मी. म्हणूनच दाराची साखळी काढायला मला वेळ लागतो.