तीन टिंबांचा वाकस

राहनाळच्या रस्त्याला अण्णा पांचाळची सुतारशाळा होती आणि अण्णाचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. रंधा वेडावाकडा मारणाऱ्या एका कारागिराच्या अंगावर त्याने सागाचा ठोकळा भिरकावला होता, तो हुकला ही त्या कारागिराची पुण्याई. पुढे अण्णाचा उजवा पंजा निकामी झाला, तेव्हा भिवंडीभर बोलवा उठली की मशीनमध्ये गेला. कसलं मशीन? अण्णाने जन्मात मशीनला हात लावला नव्हता. पंजा फोडला तो पाठच्या सख्ख्या भावाने, सुधीरने.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात हबीबा हातगाडीवर दाराच्या दोन फळ्या घालून आली. तिच्या सासऱ्यांच्या वडिलांचं गलबत मोडीत निघालं, तेव्हा त्याच्याच सागवानाचं घराला दार केलं होतं. चौऱ्याऐंशीच्या दंगलीत हे दार तिच्या नवऱ्याने, इक्बालने, आतून पाठ लावून रेटून धरलं. आधी दार फुटलं, मग इक्बालचं डोकं. मारणारे कोण, ते काही ठरलं नाही. फळ्यांवरचे घाव अजून तसेच होते.

"याची पेटी होईल, भाभी," अण्णा म्हणाला. "चौरंग होईल. नातवाला पाळणा करू?"

"रेहल कर," हबीबा म्हणाली. "इक्बालच्या कुराणाला. दुसरं काय नको."

रेहल म्हणजे कुराण ठेवायची घडीची बैठक. ती अख्ख्या फळीतून काढतात. खिळा नाही, बिजागरी नाही. दोन्ही टोकांकडून फळी जाडीत चिरत आणायची आणि मधोमध एकमेकांत अडकलेले दात कोरायचे. एक दात तुटला की सगळं काम वाया.

जुन्या लाकडावर लोहचुंबक फिरवल्याशिवाय अण्णा करवत लावत नसे, आणि लावणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरत असे. त्या दिवशी एका घावापाशी चुंबक चिकटला. गलबताचा खिळा असेल म्हणून त्याने पटाशीने उकरलं. निघाला नखाएवढा पोलादाचा तुकडा. त्यावर एक टिंब होतं.

अण्णाने भिंतीकडे पाहिलं. तिथे बापाचा वाकस टांगलेला होता, लाकूड तासायचा. अंबाडीच्या लोहाराने खूण म्हणून त्याच्या पात्यावर ओळीने तीन टिंबं ठोकली होती. तीस वर्षं घासून घासून धार त्या टिंबांपर्यंत आली होती. आता पात्यावर दोनच टिंबं उरली होती.

तिसरं कधी गेलं, हे अण्णाला पक्कं ठाऊक होतं. दंगलीनंतर सुधीरने वाकस गुपचूप जागेवर आणून टांगला, तेव्हा त्याचा कोपरा उडालेला होता. एरवी हत्याराला ओरखडा आला तरी घर डोक्यावर घेणारा अण्णा त्या दिवशी चकार शब्द बोलला नव्हता. धारेच्या दगडावर बसून त्याने तो कोपरा घासून गोल केला होता.

दुपारी सुधीर जेवायला आला. अण्णाने त्याची मानगूट धरली आणि तोंड भिंतीवर आपटलं. नाकाचं हाड मोडलं.

"इक्बालला तू मारलंस?"

"सोड, अण्णा."

अण्णाने पुन्हा आपटलं. या वेळी दोन दात पडले.

"सगळेच मारत होते," सुधीर रक्त थुंकत म्हणाला. "अन् तुला म्हाईत न्हवतं? वाकस घासला कुनी? इचारलंस का मला येकदा तरी?"

अण्णाने मानगूट सोडली. दोन वर्षं त्याने जाणूनबुजून कानाडोळा केला होता, आणि आता त्याला स्वतःची किळस आली. त्याने तुकडा रुमालात बांधला. "मी पोलिसात चाललो," म्हणाला आणि वाकस काढायला भिंतीकडे वळला. सुधीरने पाय धरले, आईची आण घातली. अण्णा ऐकेना. बाकावर हात टेकून तो वाकसाला पोचतोय तोच सुधीरने घण उचलला आणि त्या टेकलेल्या पंजावर घातला. एकदा नाही, तीनदा. बोटांची हाडं कातडीबाहेर आली. मग घण टाकून तो पळत सुटला.

अण्णाने डाव्या हाताने वाकस उतरवला आणि रक्त सांडत आधी हबीबाचं घर गाठलं.

तिने आपल्या ओढणीने त्याचा पंजा बांधला. तुकडा पाहून ती दचकली नाही.

"सुधीरचा आवाज मी दाराआडून वळखला होता," ती म्हणाली. "पन माज्या येकटीच्या कानांवर कोन इश्वास ठेवील? दारावरचं रक्त पुसताना बोटाला काय तरी लागलं. तू तपासल्याबिगर लाकूड कापत न्हाय, हे अख्ख्या गावाला म्हाईत हाय. म्हनून तुज्याकडं आनलं."

सुधीर महिन्याभरात सापडला. खटला पाच वर्षं रेंगाळला. तेवढ्या काळात अण्णा डाव्या हाताने करवत धरायला शिकला. पहिल्या फळीचे दात मोडले. दुसरीची रेहल झाली, जराशी वाकडी. हबीबाने ती घेतली आणि इक्बालचं कुराण तिच्यावर ठेवलं.

साक्षीला अण्णा उभा राहिला. समोर सुधीर बसला होता. वाकस आपला, तुकडा त्याच पात्याचा, हे अण्णाने सांगितलं. मग सुधीरच्या वकिलाने विचारलं, "हत्यार मोडून परत आलं, तेव्हा तुम्ही भावाला काय विचारलंत?"

"काही नाही," अण्णा म्हणाला. "धार लावली."