मोबाईल नंबर टाका

त्या दिवशी सकाळपासून मळभ होतं. ऊन नाही, पाऊस नाही, वारा तर नाहीच. स्वेटर घालावा तर घाम येतो, काढावा तर अंगावर शिरशिरी येते, असली हवा. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीचे आम्ही चौघं समोरच्या सुपरमार्केटच्या पायरीवर शटर उघडायची वाट बघत बसलो होतो.

दुकान नऊला उघडतं, आम्ही पावणेनऊलाच हजर. सकाळी गर्दी नसते. तिथल्या मशीनवर आपलं बिल आपणच करायचं असतं, आणि त्या वेळी मागे कुणी उभं राहून सुस्कारे टाकत नाही. या रोजच्या पंधरा मिनिटांत किस्से साचत जातात. माळ्यावर रिकामे डबे साचतात तसे. ठेवलेले आठवत नाहीत, एक काढायला गेलं की चार अंगावर पडतात.

मला सगळे आप्पा म्हणतात. मार्केट यार्डात चाळीस वर्षं पोती उचलली. शाळेत गेलो नाही. अक्षरं मला बायकोने, सुमनने शिकवली, तीही लग्नाला वीस वर्षं झाल्यावर. मराठी लावत लावत वाचतो, 'ळ' काढताना अजून अडखळतो. इंग्रजी येत नाही.

सुमनला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. मुलं चांगली आहेत हो. दोघांनी बसून ठरवलं: आईला धरून बाथरूमपर्यंत नेता येतंय तोवर तुम्ही दोघं इथे राहा. त्याच्या पुढे गेलं, तर आई मांजरी गावाला मुलीकडे आणि मी वाघोलीला मुलाकडे. मुलगी घरी असते, ती आईचं करेल, पण तिच्या दोन खोल्यांत सासू-सासरेही आहेत. माझी पथारी पसरायला तिथे जागा नाही. यात कुणाचं काही चुकत नव्हतं. मी मान हलवली.

आता हे सांगायला हरकत उरलेली नाही, म्हणून सांगतो.

*

मशीनचं काम सोपं. वस्तूवरच्या काळ्या रेघा काचेसमोर धरायच्या, टुंग झालं की वस्तू शेजारच्या पिशवीत ठेवायची. पिशवीखाली काटा असतो. वजन जुळलं नाही की लाल दिवा लागतो आणि वंदनाताई येतात. पूर्वी त्या काउंटरवर बसून बिलं करायच्या. आता सहा मशीन सांभाळतात.

आमच्यातले शांतिलालशेठ म्हणजे जुने किराणा दुकानदार. मुलं कॉम्प्युटरमध्ये गेली, दुकान बंद झालं. एकदा सकाळी सकाळी त्यांनी फिनेलची बाटली मशीनला दाखवली आणि मग लक्षात आलं, ही गुलाबाच्या वासाची आहे. वंदनाताई म्हणाल्या, एका मिनिटात रद्द करून देते. शेठनी त्यांचा हात अडवला.

"आज या मशीनवर पहिला कोण?"

"तुम्हीच की."

"मग राहू द्या. बोहनीच्या वेळी माल परत करत नाहीत."

वंदनाताईंना हसू आलं. "शेठ, मशीनची कसली बोहनी?"

"मशीनची नाही हो," शेठ म्हणाले, "तुमची."

पुढे तीन आठवडे शेठच्या जिन्यात लग्नघरासारखा वास येत होता. वंदनाताई मात्र तेव्हापासून शेठ आत आले की उठून उभ्या राहतात.

*

देवधर बाई शाळेत शिकवायच्या. बाई फार बोलत नाहीत, पण बोलल्या की समोरचा दोन दिवस विचार करतो.

बाईंनी कोथिंबिरीची जुडी वजन करून घेतली, लेबल लावलं, मशीनला दाखवली, पिशवीत ठेवली. आणि सवयीने कढीपत्त्याच्या दोन काड्या वर ठेवल्या. लाल दिवा.

वंदनाताई म्हणाल्या, "बाई, कढीपत्त्याचं वेगळं लेबल लागतं."

"अहो, हा मी घेतलेला नाही. हा वर घातलेला आहे."

"कुणी घातला?"

बाईंनी मागे वळून पाहिलं. मागे थंड कपाटं होती, त्यांतून धुकं येत होतं. भाजीवाला कुठेच नव्हता.

"बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या आणि दोन्ही काड्या जिथून घेतल्या होत्या तिथे ठेवून आल्या.

*

चौथ्या शेख भाभी. आमच्या समोरचं दार त्यांचं. साड्यांना फॉल लावतात, ब्लाउज शिवतात. यजमान गेले, मुलगी लग्न होऊन दुबईला.

भाभींचं बोट मशीनच्या पडद्याला लागतच नाही. सुईने बोटांची टोकं इतकी घट्ट झालीत की त्या दाबत राहतात आणि मशीन आपलं "सुरुवात करण्यासाठी स्पर्श करा" म्हणत राहतं. शेठ म्हणाले, जोरात दाबा. बाई म्हणाल्या, हळू दाबा. मी म्हटलं, दुसरं बोट बघा. भाभींनी दहाही बोटं लावून पाहिली.

मग ओढणीला हात पुसत म्हणाल्या, "याला वाटतं, मी अजून आलेच नाही."

*

आता माझी फजिती.

झटका आल्यापासून सुमनकडे दोनच शब्द उरले होते, 'हां' आणि 'नको'. मी हे पायरीवर सांगितलं तेव्हा देवधर बाई म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी दोन्ही बाजू धडधाकट असताना यापेक्षा जास्त वापरले नाहीत." मी हसलो. घरी जाऊन सुमनला सांगितलं, तीही हसली, अर्ध्या तोंडाने.

तर यादी करायची कशी? तिला आता लिहिता येत नाही, सांगता येत नाही, मला डब्यांवरचं इंग्रजी वाचता येत नाही. मी एक युक्ती काढली. संपलेल्या पाकिटांचे कागद कापून ठेवायचे. रव्याचा, चहाचा, साबणाचा, बिस्किटांचा. दर सोमवारी ते सगळे गादीवर पसरून एकेक तिच्यासमोर धरायचा. हां म्हणाली की खिशात, नको म्हणाली की परत डब्यात. दुकानात जाऊन कागदाशी पाकीट जुळवायचं. कधीकधी एखाद्या कागदावर ती कितीतरी वेळ काहीच म्हणायची नाही. मी थांबायचो. मला कुठे घाई होती?

पहिल्या दिवशी मशीनसमोर उभा राहिलो तेव्हा एका हातात चहाचं पाकीट, दुसऱ्या हातात त्याचा कागद. मशीनने आधी कागद वाचला. टुंग. मला वाटलं, छान, आधी यादी तपासतंय. सगळे कागद एकेक करून दाखवले. सगळ्यांना टुंग. मग ते पिशवीत ठेवले. लाल दिवा लागला आणि विझेचना.

वंदनाताई आल्या. पिशवीत बघतात तर आत नुसते कापलेले कागद. जवळ उभा असलेला सिक्युरिटीवालाही आला. मी घाबरलो. हे काय आहे, असं तो दरडावून विचारायला लागला. एवढंच म्हणालो, "ही आमची यादी."

वंदनाताईंनी कागद हातात घेतले. कडा कात्रीने सरळ कापलेल्या, तेलकट होऊ नयेत म्हणून पुसलेल्या. त्या सिक्युरिटीवाल्याला म्हणाल्या, "तू जा, गेटवर बघ." मग सगळे कागद पत्त्यांसारखे जुळवून माझ्या वरच्या खिशात ठेवले, आणि खिशाचं बटण लावलं.

*

या सगळ्यात मशीनची एक अट. सगळं दाखवून झालं की काटा बंद होतो आणि पडदा मोबाईल नंबर मागतो. तो टाकल्याशिवाय पुढचा पडदा येत नाही. बिल कागदावर निघत नाही, त्या नंबरवर जातं. आमच्या घरी एक साधा फोन आहे, पण त्याचा नंबर मला पाठ नाही. आपण आपल्याला कशाला फोन करतो? मला पाठ एकच नंबर, सुनीलचा, माझ्या मुलाचा. त्यानेच बरोबर येऊन शिकवलं होतं, आप्पा, माझाच टाकत जा, म्हणजे मला कळेल तुमचं ठीक चाललंय.

कळायचंच. मी रस्ता ओलांडून घरी पोचायच्या आत वाघोलीहून फोन. "आप्पा, श्रीखंड कोणासाठी? तुम्हाला साखर आहे ना?" एकदा खोबरेल तेल आणायला विसरलो तर त्याने विचारलं, आईच्या डोक्याला तेल लावत नाही का. एकदा दोनच बिस्किटांचे पुडे घेतले तर, आईची भूक कमी झाली का?

शेठ म्हणाले, "पूर्वी गिऱ्हाइकाच्या घरात काय शिजतं ते दुकानदाराला कळायचं. आता मुलाला कळतं. बरंच झालं म्हणायचं."

मीही म्हणायचो, बरंच झालं. माया आहे म्हणून विचारतो. पण मी पिशवी भरताना सुनीलच्या डोळ्यांनी बघायला लागलो होतो. खायचं नसलं तरी बिस्किटांचा एक पुडा जास्त घ्यायचो.

*

आणि मग तो मळभाचा दिवस.

तीन दिवसांपासून सुमनला उठवेना. मी धरायचो, ती प्रयत्न करायची, पाय खाली टेकायचे नाहीत. चादरी मी धूत होतो. माझं काही नव्हतं, पण ती दर वेळी भिंतीकडे तोंड करायची.

सोमवारी पाकिटांचे कागद पसरले. ती एकालाही हां म्हणेना. मग मी तिला विचारलं, मोठ्या माणसांसाठी ते डायपर मिळतात, ते आणू का? खूप वेळाने म्हणाली, "हां." आणि लगेच माझं मनगट डाव्या हाताने धरून, "नको, नको, नको." मला कळलं. हां पहिल्या गोष्टीला होतं. नको मुलीकडे मांजरीला जायला.

औषधाच्या दुकानात ते मिळतात. पण तो दुकानदार सुनीलचा शाळेतला मित्र. आपुलकीने विचारणार आणि आपुलकीनेच सुनीलला सांगणार.

शटर उघडलं. बाई भाजीकडे गेल्या, शेठ डाळींकडे. मी ते पाकीट शोधलं. वाचायची गरज पडली नाही, वर एका म्हातारीचं हसरं चित्र होतं. मशीनला दाखवलं. टुंग. पिशवीत ठेवलं. वजन जुळलं. दिवा हिरवाच राहिला.

पडद्यावर आलं, मोबाईल नंबर टाका.

मला एकच नंबर येत होता. पहिले तीन आकडे दाबले आणि हात थांबला. मशीन बायकी आवाजात म्हणालं, कृपया आपला मोबाईल नंबर टाका. थोड्या वेळाने परत तेच. मी तीन आकडे पुसले. परत दाबले. परत पुसले. दूर वंदनाताई मान वर करून माझ्याकडे बघायला लागल्या.

शेजारच्या मशीनवर शेख भाभी होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. आपल्या हातातली कापडी पिशवी उघडून त्यांनी ते पाकीट तिच्यात सरकवलं, वर स्वतःची ओढणी घडी करून ठेवली. आणि पडद्याकडे बघत, अगदी हळू म्हणाल्या,

"माझा नंबर टाका, आप्पा. माझ्या फोनवर काय येतं, ते बघणारं कुणी नाही."