पुसलेली खुर्ची

विलायतेतल्या कारखान्यांत म्हणे वर्षातून एक दिवस साहेब आणि कामगार एकत्र धावतात. आमचे एम.डी. साहेब मशिनरी बघायला तिकडे जाऊन आले आणि येताना मशिनरीऐवजी हा क्रीडादिन घेऊन आले. साल दुष्काळाचं होतं. ऊसच नव्हता, म्हणून गाळप लवकर आटोपलं होतं, आणि निम्मा नगर जिल्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होता. अशा वेळी लोकांचा उत्साह टिकवायला खेळ हवेत, असं साहेबांचं म्हणणं पडलं. पोट रिकामं असलं की माणूस हलका होतो आणि चांगला पळतो, हेही कदाचित त्यांनी तिकडेच पाहिलं असेल.

मी तेव्हा लग्न होऊन नुकतीच त्या साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायला आले होते. दोन खोल्यांचं क्वार्टर, त्यात मी, आमचे हे आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. हे शेतकी खात्यात क्लार्क होते, पण सीझनल. म्हणजे गाळप चालू तोवर नोकरी, बॉयलर विझला की घरी. त्या वर्षी मागची कामं आवरायला म्हणून यांना थोडे दिवस ठेवून घेतलं होतं, आणि कायमची ऑर्डर काढण्याबद्दल विचारल्यावर खुद्द एम.डी. साहेब ‘बघू’ असं म्हणाले होते. त्या ‘बघू’ची आमच्या घरात पूजा तेवढी व्हायची बाकी होती. ऑर्डर निघाली नाही तर क्वार्टर सोडून गावी जायचं, आणि गावच्या विहिरीचा तळ आम्ही डोळ्यांनी बघून आलो होतो. त्यामुळे बंगल्यात साहेब शिंकले तरी इकडे आत्याबाई ‘शंभर वर्सं जगा’ म्हणायच्या.

आत्याबाईंच्या राज्यात एक नियम होता. सुनेनं सासूसमोर खुर्चीवर बसायचं नाही. आमच्या घरात खुर्ची नव्हतीच, तरी नियम होता. कुणाकडे हळदीकुंकवाला गेलो की घरची बाई ‘बसा ना वर’ म्हणायची आणि मी आत्याबाईंकडे बघून भिंतीला टेकून खाली बसायचे. मला त्याची चीड यायची. पण खरं सांगायचं तर त्या स्वतःही कधी खुर्चीवर बसल्या नव्हत्या. आधी सासरे समोर होते, मग थोरले दीर, आणि कॉलनीत आल्यावर साहेब लोकांच्या बायका. बसायची सवयच राहिली नव्हती.

क्रीडादिनाला बायकांसाठी संगीत खुर्ची ठेवली होती. धावताना लुगडं पायात येतं, म्हणून बायकांना शर्यत नको, असं पुरुषांच्या कमिटीनं ठरवलं. आम्ही रोज टँकरमागे हंडे घेऊन धावत होतो, ते कमिटीनं पाहिलं नसावं. वेल्फेअर साहेब क्वार्टर-क्वार्टर फिरून नावं गोळा करत होते. कुणी पुढे येईना, तेव्हा त्यांनी सीझनलवाल्यांच्या घरी मोर्चा वळवला. तिथे नाही म्हणणारं कोण होतं? आमच्या घरातून सासू आणि सून दोघींची नावं गेली.

पहिलं बक्षीस होतं लेमन सेट. काचेचा जग आणि फुलाफुलांचे सहा ग्लास. बक्षिसं आणायला वेल्फेअर साहेब जीपमधून नगरला गेले, तेव्हा एम.डी. साहेबांच्या बाईसाहेबही बरोबर गेल्या होत्या आणि हा सेट त्यांनीच पसंत केला होता. आपल्या दिवाणखान्यातल्या पडद्यांना शोभेल असा. कोण जिंकणार याबद्दल कुणाला शंकाच नव्हती. प्यायच्या पाण्याची मारामार असताना सरबताचे ग्लास कशाला, असं विचारायचीही सोय नव्हती.

तरीही घोळ नको म्हणून टँकरपाशी आत्याबाईंनी सगळ्या बायकांची शाळा घेतली.

“हे बघा गं, बाईसाएबांच्या पुढंपुढं करू नका. त्यांची खुर्ची त्यांना. माझ्या लेकाची आर्डर निघायची हाय. कोन मधी तडमडली तर माझ्याशी गाठ हाय.”

“अन् तुमीच बसलात तर?” एकीनं चेष्टा केली.

“म्या? माझी हाडं जिमिनीला इमानी हायेत,” आत्याबाई म्हणाल्या.

क्रीडादिनाच्या सकाळी टँकर आला तो थेट मैदानावर गेला. पाहुण्यांच्या डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून आधी मैदान भिजवलं, आणि उरलंसुरलं संध्याकाळी आमच्या हंड्यांत आलं. एम.डी. साहेबांनी खिलाडूवृत्तीवर लांबलचक भाषण केलं. हरणाऱ्यानं हसत हसत हरावं, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मग रस्सीखेच झाली. एका बाजूला ऑफिसर, दुसऱ्या बाजूला ऊस वाहून दंड पीळदार झालेले गडी. ऑफिसरांनी दोर नुसता धरला होता, तरी गडी हिसके बसल्यासारखे भराभर पुढे आले. एक तर इतका मनापासून हरला की तोंडावर पडला. साहेबांनी त्याचं कौतुक केलं.

मग आमचा खेळ. मंडपवाल्याच्या लोखंडी घडीच्या खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. राहुरीहून आलेला कर्णेवाला रेकॉर्ड लावून बसला होता. बाईसाहेब खुर्चीसमोर आल्या की सुई उचलायची, एवढी अक्कल त्याला वेल्फेअर साहेबांनी देऊन ठेवली होती.

पण बायकांचं काय करायचं, ते कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्यांदा गाणं थांबलं आणि कुणीच बसेना.

“बसा ना काकू.”

“छे गं, तू बस, तू दोन जिवांची.”

“तुमच्या आधी कशी बसू मी?”

दोन जावा तर एका खुर्चीच्या दोन बाजूंना उभ्या राहून एकमेकींना बसवण्यासाठी हातघाईवर आल्या. मी सवयीनं आत्याबाईंकडे पाहिलं आणि खुर्ची मोकळी असूनही तिच्या शेजारी जमिनीवर बसले. वेल्फेअर साहेब धावत आले. “अहो, वर बसायचं असतं, वर!” ते ओरडत होते. सगळं मैदान हसत होतं. मी बाद झाले आणि पदरात तोंड घालून कडेला गेले. आत्याबाईंना मात्र एका म्हातारीनं दंडाला धरून बसवलं होतं. त्या खुर्चीच्या कडेवर, तापलेला तवा असावा तशा, टेकल्या होत्या.

पुढे मानपान आणि आत्याबाईंची टँकरपाशची शिकवणी यांच्यात एकेक बाई गळत गेली. बाईसाहेबांना कसलीच घाई नव्हती. त्यांना एक सवय होती. पुसल्याशिवाय कुठेही बसायच्या नाहीत. गाणं थांबलं की त्या कमरेचा रुमाल काढत, खुर्ची दोनदा झटकत, पुसत आणि मग निऱ्या सावरून बसत. तोवर सगळ्या बायका अदबीनं उभ्या. त्या बसल्या की मग बाकीच्यांची पळापळ सुरू व्हायची. खेळ असा आणखी कुठे खेळला जात असेल असं मला वाटत नाही, विलायतेत तर नाहीच.

आत्याबाई का टिकल्या? थोरपणामुळे. त्यांना उठवून कोण बसणार? शेवटी खुर्ची एक उरली आणि तिच्याभोवती दोघी. पुढे बाईसाहेब, मागे आत्याबाई. मंडपाच्या खांबाशी उभे असलेले आमचे हे निश्चिंत दिसत होते. आपली आई बाईसाहेबांच्या मागे चालते आहे आणि मागेच राहणार आहे, याहून चांगली वशिल्याची संधी कुठली? मलाही वाटलं, झालं, निघाली ऑर्डर.

बाईसाहेब खुर्चीसमोर आल्या. कर्णेवाल्यानं इमानेइतबारे सुई उचलली. बाईसाहेबांनी रुमाल काढला, वाकल्या, बैठक पुसली, पाठ पुसली, आणि रुमाल खोचायला जरा बाजूला वळल्या.

आणि आत्याबाई बसल्या.

कडेवर नाही. पाठ टेकून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, पक्क्या बसल्या. कर्णेवाल्याला घाम फुटला. त्यानं घाईघाईनं सुई परत टेकवली, पण तोवर सगळ्यांनी पाहिलं होतं.

“अहो आजी, उठा,” बाईसाहेब हसत म्हणाल्या. हसणं तोंडापुरतंच होतं. “परत घेऊ या. मी बसतच होते.”

“का म्हनून? गानं थांबलं, म्या बसले. खेळ ह्योच न्हवं?”

“आई!” हे खांबापाशी ओरडले.

“वरडू नगं. म्या उठनार न्हाई.”

मग कडेला बसलेल्या बायकांतून टाळी पडली, आणि मग थांबेनाच. हरणाऱ्यानं हसत हरावं, असं साहेब नुकतेच सांगून बसले होते, त्यामुळे त्यांनाही टाळ्या वाजवाव्या लागल्या. मी सगळ्यांत जोरात वाजवत होते. नोकरी चालली होती, पुढं काय वाढून ठेवलंय ते दिसत होतं, आणि तरी मला आयुष्यात इतका आनंद क्वचितच झाला असेल.

महिना झाला, ऑर्डर नाही. यांनी पुन्हा विचारलं, तर साहेब ‘बघू’सुद्धा म्हणाले नाहीत. क्वार्टर सोडायची तोंडी सूचना आली. हे आईशी बोलायचे बंद झाले. मी विचारलं, “आत्याबाई, तुम्हीच सगळ्यांना शिकवलं होतंत. मग असं कसं केलंत?”

“पुसल्याली खुर्ची दिसली गं,” त्या म्हणाल्या. “माझ्यासाठी कुनी पुसली न्हवती कंदी.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेमन सेटचं खोकं डोक्यावर घेतलं आणि मला बरोबर घेऊन बंगल्यावर गेल्या. बाईसाहेबांनी सोफ्याकडे हात केला. आत्याबाई खाली फरशीवर बसल्या, म्हणून मीही बसले. “आमच्याकडं शोबत न्हाई वो हे. तुमीच वापरा. लेकावर राग धरू नका,” असं म्हणून त्यांनी त्या बाईपुढे हात जोडले. मला इतका संताप आला की ते खोकं तिथेच आपटावंसं वाटलं. बाईसाहेबांनी ‘अहो कशाला’ म्हणत म्हणत ते उघडलं, ग्लास एकेक करून टेबलावर मांडले आणि म्हणाल्या, “पाचच?”

“एक फुटला जी.”

“असू दे. तशी मीच तुम्हाला मुद्दाम बसू दिलं होतं त्या दिवशी.”

“व्हय तर,” आत्याबाई म्हणाल्या.

पुढच्या गाळपाआधी ऑर्डर निघाली. त्यानंतरच्या क्रीडादिनात बायकांना संगीत खुर्ची नव्हती, लिंबू-चमचा होता. बाईसाहेब रमतगमत पहिल्या आल्या आणि आमच्या सगळ्यांची लिंबं वेळेवर पडली.

कायम झाल्यावरच्या पहिल्या पगारात काय आणायचं, यावर घरात वाद झाला. हे स्टोव्ह म्हणत होते. आत्याबाई म्हणाल्या, खुर्ची. लोखंडी, घडीची, मंडपवाल्याकडे होती तशी. शेवटी खुर्चीच आली. त्यांनी ती पदरानं पुसली, दाराशी मांडली, तिच्यावर बसल्या, आणि कुठूनतरी तो न फुटलेला सहावा ग्लास काढून मला त्यात पाणी आणायला सांगितलं. मी पाणी दिलं आणि सवयीप्रमाणे भिंतीला टेकायला निघाले.

“आता ऱ्हाऊ दे तो नियम,” त्या घोट घेत म्हणाल्या. “बस खुर्चीवर.”

घरात खुर्ची एकच होती, आणि आत्याबाई तिच्यावरून उठल्या नाहीत.