वादी वाळेपर्यंत

समुद्रपूरहून गिरडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिथे गावे मागे पडतात आणि सागाचे विरळ रान सुरू होते, तिथे रूपराव सुतार एकटेच राहत असत.

त्यांचा मूळ धंदा बैलगाड्यांची चाके करण्याचा होता. पुढे रस्ता डांबरी झाला, बांबू भरलेले ट्रक धावू लागले आणि चाकांची कामे कमी होत गेली. सन १९७१ मध्ये त्यांच्या पत्नी सुमित्राबाई वारल्या. मूलबाळ नव्हते. त्यानंतर कित्येक दिवस असे जात की, रूपरावांच्या तोंडचा शब्द दारातल्या शेळीखेरीज कोणाच्याही कानी पडत नसे.

ट्रकचे काम त्यांच्याकडे चालत आले. ट्रकच्या मागच्या चाकावर लोखंडी पाट्यांची कमान असते आणि सारा भार ती पेलते. माल जास्त झाला की एखाद्या खड्ड्यात तिचा मुख्य पाटा तुटे व ट्रक एका अंगावर कलंडून जागीच बसे. कमान बदलणारा कारागीर थेट जाम या गावी. रूपरावांनी यावर स्वतःच्या बुद्धीने उपाय काढला. धावड्याच्या लाकडाचा ठोकळा करून, जॅकने ट्रक उचलून, तो आस आणि चेसिस यांच्या मधोमध ते बसवीत. त्यावर कच्च्या चामड्याची भिजवलेली वादी करकचून आवळीत. ओली वादी वाळताना आखडते आणि लोखंडासारखी घट्ट बसते. मग सावकाश चालवीत नेल्यास ट्रक जामलाच काय, तीन-चार तासांत वर्ध्यालाही सुखरूप पोचत असे.

वादी वाळेपर्यंत ड्रायव्हरला थांबणे भाग होते. रूपराव त्याला निंबाखाली बसवीत, भाकर वाढीत, आणि गाव कोणते, घरी कोण कोण, पोरी कुठे दिल्या, हे सारे विचारून घेत. उन्हाळ्यात वादी दीड तासात वाळते. रूपराव मात्र प्रत्येकाला सांगत, "चार घंटे लागतात, बाप्पा." हे खोटे त्यांनी सात वर्षे चालविले आणि त्यापायी कोणाचे काही बिघडले नव्हते.

सन १९७८ च्या मे महिन्यात भैय्याजी नावाच्या ड्रायव्हरचा बांबूचा ट्रक त्यांच्या घराजवळच बसला. भैय्याजी एकटेच होते. अकराच्या सुमारास वादी आवळून झाली.

"किती वेळ?" भैय्याजींनी विचारले.

"चार घंटे."

भैय्याजींनी वर सूर्याकडे पाहिले. "मंग झालं. माही बायको जयवंता वर्ध्याच्या दवाखान्यात हाय. उद्या सकाळी पोटाचं आपरेशन. नवऱ्याची सही पाह्यजे, आन् ते आज पाचच्या आत. नाई त नंबर आठ दिवसानं. आठ दिवस नाई निघत तिच्यानं."

"आता एस.टी. बी संध्याकाळीच हाय," रूपराव म्हणाले.

"मी कच्च्यावरच नेऊ काय?"

"ठोकळा निसटते. मंग ट्रक पलटते."

एवढे मात्र खरे होते. भैय्याजी रस्त्यावर जाऊन उभे राहिले. बराच वेळ एकही वाहन आले नाही, तेव्हा ते परत निंबाखाली आले आणि जयवंताबद्दल बोलू लागले. ती भाजीत इतके तिखट टाकते की, पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही. "माह्या सासऱ्यानं अगुदर सांगतलं असतं त मी घोड्यावरूनच उतरलो असतो," असे म्हणून ते हसले.

साडेबाराला रूपरावांनी ट्रकखाली वाकून वादीला नख लावून पाहिले. नख रुतले नाही. ते परत येऊन बसले.

"ओली हाय अजून," ते म्हणाले. सवयीने त्यांच्या तोंडून ते निघून गेले. त्यांना पुढचे ऐकायचे होते.

भैय्याजी बोलत राहिले. एक वाजून गेला. मग त्यांनी एक काडी उचलली आणि धुळीत काहीतरी गिरवू लागले.

"काय करून राह्यले?"

"माहं नाव लिवून पाह्यतो. मी अंगठा लावतो म्हनलं होतं. जयवंता म्हने, कायले अंगठा, माह्या कागदावर नाव लिवजा. तिनंच शिकवलं. हात अडला नाई पाह्यजे तिथं."

धुळीत तेच नाव चार वेळा उमटले होते, आणि पाचव्यांदा काडी चालली होती. रूपराव उभे राहिले.

"उठा, भैय्याजी. वादी वाळली."

"आता त ओली होती."

"कवाचीच वाळली. दीड घंट्यात वाळते ते. मी खोटं सांगतलं."

"खोटं काऊन सांगतलं?"

रूपराव ट्रककडे चालू लागले. "चाला," ते म्हणाले, "मी बाजूले बसतो. ठोकळ्यावर ध्यान ठेवतो."

साडेतीन तास दोघे ट्रकच्या केबिनमध्ये खांद्याला खांदा लावून बसले होते. इतका वेळ इतक्या जवळ रूपरावांच्या शेजारी गेल्या सात वर्षांत कोणी बसले नव्हते. भैय्याजींची नजर रस्त्यावरून हलली नाही.

पाचला दहा मिनिटे कमी असताना ट्रक दवाखान्यासमोर लागला. भैय्याजी धावत आत गेले. रूपराव फाटकापाशी उभे राहिले. डबे घेऊन माणसे आत जात होती, बाहेर येत होती. बऱ्याच वेळाने भैय्याजी आले.

"झाली सही?"

"झाली. डाक्टर निंगलेच होते." मग ते रूपरावांकडे रोखून पाहत म्हणाले, "आता सांगा. काऊन?"

"बोलाले कोनी नसते, भैय्याजी."

भैय्याजींनी मान डोलावली. "मले त समजलं. पन जामले मी सगळ्याइले सांगनार हाय. उद्या दुसऱ्याची बायको असन."

"सांगजा," रूपराव म्हणाले. तेवढे बोलून ते एस.टी. गाठण्यासाठी निघाले.

जयवंताबाई बऱ्या झाल्या, हे त्यांना दोन महिन्यांनी एका परक्या ड्रायव्हरकडून कळले. भैय्याजींनी शब्द पाळला होता. आता येणारा प्रत्येक जण आल्याआल्याच हसून विचारी, "रूपरावजी, घड्याळ कोनतं लावलं आज? तुमचं का आमचं?" रूपराव खरे तेच सांगत. दीड तास संपताच ट्रक निघून जाई.

ऑगस्टमध्ये एक ट्रक बसला. दोन दिवस झड लागलेली होती. रूपरावांनी वादी आवळली व सांगितले की, या हवेत उद्या दुपारपर्यंत ती वाळणार नाही. हेही खरे होते.

"समदं ऐकलं हाय तुमचं," ड्रायव्हर म्हणाला आणि दीड तासाने त्याने ट्रक सुरू केला.

रूपरावांनी घरातून पहार, दुसरा ठोकळा आणि दुसरी वादी घेतली. ट्रक माणसाच्या चालीने पुढे सरकत होता. ते पावसात त्याच्या मागून चालू लागले.