चावीवाल्या काकांचं घड्याळ

गेल्या गुरुवारी सकाळी आमच्या गल्लीतर्फे मी चावीवाल्या काकांना मनगटी घड्याळ दिलं. सदाशिव पेठेत रोज ते लांब लोखंडी चावीने रस्त्याखालचे व्हॉल्व्ह फिरवून गल्लीगल्लीला पाणी सोडतात. फेरे मोठ्याने मोजतात. मोजताना कुणाशी बोलत नाहीत. आठ वाजता आमचं पाणी बंद करून ते वरच्या गल्लीला सोडतात.

त्यांच्या जुन्या घड्याळात व्हॉल्व्हच्या खड्ड्यातलं पाणी शिरलं होतं. तेव्हापासून ते वेळ लोकांना विचारत. आमच्याकडे हमखास उत्तर मिळे, "अजून दहा मिनिटं आहेत, काका." मीही दोनदा तसं सांगितलं होतं. काकांना फितवलंय, असं वरच्या गल्लीत उघड बोललं जाऊ लागलं.

दुकानात मी चामडी पट्ट्याची घड्याळं बाजूला ठेवली आणि रबरी पट्ट्याचं, पाण्यात चालणारं, मोठ्या आकड्यांचं स्वस्त घड्याळ घेतलं.

काकांनी पँटला हात पुसले, पण घड्याळ घेतलं नाही.

"अहो, तुमचं घड्याळ बांधून मी वर कसा जाऊ?"

"घड्याळ कुणाची बाजू घेत नाही, काका."

"घड्याळ नाही घेत. माणसं घेतात."

ते मला वरच्या गल्लीत घेऊन गेले. सर्वांत जास्त तक्रार करणाऱ्या बाईंना म्हणाले, "वेळ तुम्ही लावा." बाईंनी मोबाइल पाहून ती लावली. मगच काकांनी घड्याळ बांधलं.

शुक्रवारी आमचं पाणी आठ वाजता बंद झालं. माझी दुसरी बादली अर्धीच भरली होती.