लई शांत हाय हितं

आई डोळ्यांनी ऐकते. तिचं अर्धं आयुष्य टॉवेलच्या कारखान्यात मागाच्या सुताच्या कांड्या भरण्यात गेलं. चालू मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडूनही उपयोग नसतो, म्हणून तिथल्या बायका एकमेकींचे ओठ वाचायच्या. काम सुटलं, सवय राहिली. समोरचा बोलायला लागला की ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बसते, मधे बोलत नाही, आणि ओठ मिटले तरी थांबते. नवख्याला वाटतं, म्हातारीला काही कळलेलंच नाही. फोनवर तर विचारू नका. व्हिडिओ कॉल लावला की म्हणणार, "कपाळ काय दाखवतीस, तोंड दाखव." मला या सवयीचा भारी वैताग येतो.

आमच्या खोल्यांच्या ओळीतल्या शेजारणीचा नवरा गेला, तेव्हा मी सुट्टीला सोलापुरात होते. मागावर उभ्या उभ्या त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत माणूस संपला. तो कारखाना शेजारणीच्या खोलीला लागूनच, मधे एक भिंत. मालकाने सांगून टाकलं, तेराव्यापर्यंत एकाही मागाचा धोटा हलणार नाही. माणुसकी असावी तर अशी, असं गल्ली म्हणाली.

शेजारीण मात्र रडेना. आमच्याकडे बाई रडली नाही की सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. दुःख आत गोठलं की डोक्यावर परिणाम होतो, हे ठरलेलंच. मग तिला रडवायला बायका येऊ लागल्या. एकीने नवऱ्याचा फोटो आणून तिच्या मांडीवर ठेवला. एकीने गळ्यात पडून हंबरडा फोडला आणि चहा घेऊन गेली. तिसरी हिचं सांत्वन करायला आली आणि दुपारभर स्वतःच्या सासूचं मरण सांगत बसली. शेजारीण सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि एवढंच म्हणायची, "लई शांत हाय हितं."

"व्हय की, शांतताच पायजे आता मनाला," असं म्हणून बायका मालकाच्या मोठेपणाकडे वळायच्या.

तिला मूलबाळ नाही. टेंभुर्णीहून तिचा भाऊ आला होता, ट्रकचा धंदा करणारा, मनाने चांगला, पण सगळं काम गाडी भरल्यासारखं करणारा. बहिणीच्या डोळ्यात टिपूस नाही म्हणून तो खरोखर घाबरला होता. तिला कायमचं घेऊन जायचं त्याने ठरवलं. "मला जायचं न्हाय," असं ती म्हणाली. "हितं एकटी काय करशील?" असं म्हणून त्याने तिची लुगडी बॅगेत कोंबली. ही खोली सुटली की तिचं म्हणावं असं जगात काहीच उरणार नव्हतं.

बॅग दारात आली तेव्हा आई पिठलं-भाकरी घेऊन गेली. भांडं उचलायला मी बरोबर. आई तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि तोंडाकडे बघू लागली.

"लई शांत हाय हितं, अक्का," शेजारीण म्हणाली.

आईची नजर तिच्या ओठांवरच. मी मनात म्हटलं, अगं बोल काहीतरी! भाऊ म्हणाला, "चला, गाडी उभी हाय." आईने त्याच्याकडे न बघता हाताने थांबवलं.

शेजारणीने वर पत्र्याकडे पाहिलं. आमच्या ओळीतल्या भिंती पत्र्यापर्यंत पोचत नाहीत. एका खोलीत खोकलं तर चौथीतला विचारतो, औषध घेतलं का?

"समद्यांना ऐकू जातंय," ती म्हणाली.

आई जरा पुढे सरकली.

"लगीन होऊन आले तवापासनं, अक्का, रडायचं झालं की मी माग सुरू व्हायची वाट बघायची. पोर पोटातच गेलं तवा बी. खडखड असली की कुणालाच कळत न्हाय. ह्यांना बी कदी कळलं न्हाय. आता ह्या शांततेत कशी रडू?"

भावाने कपाळाला हात लावला आणि खाली बसला.

आई उठली, थेट मालकाच्या दारात. "माग चालू करा."

"अहो मावशी, सुतक हाय! लोक शेण घालतील तोंडात."

"लोकांचं मी बघते. तुमी बटण दाबा."

मालकाला ते काही पटलं नव्हतं, पण आईपुढे कुणाचं चालत नाही. भिंतीपलीकडचे माग चालू झाले आणि भांड्यांची फळी थरथरू लागली. आईने सगळ्यांना बाहेर काढलं, दार ओढून घेतलं. गल्लीत बायका जमल्या. सुतकात माग चालू? त्यांचे हात वर झाले, तोंडं हलली, पण ऐकू काहीच येईना. मला हसू येत होतं.

खोलीची खिडकी उघडीच राहिली होती. आतलं तोंड वाचू शकेल असं गल्लीत एकच माणूस होतं. आई खिडकीकडे पाठ करून पायरीवर बसली.

भाऊ तिच्याजवळ वाकला. खडखडाटात मला त्याचा आवाज आला नाही, पण त्याचं बोट खिडकीकडे होतं, त्यावरून कळलं. तो विचारत होता, ती काय म्हणत असंल?

आईने ते वाचलं. नेहमीसारखी थांबली. मग कुणालाही वाचता येईल असे ओठ हलवत म्हणाली, "ते तिचं तिला."

भाऊ सरळ झाला. मग दारातली बॅग उचलून त्याने तिचं दार उघडेपर्यंत आमच्या खोलीत ठेवली आणि गाडीवाल्याला हातानेच सांगितलं, जा तू.