ग्रेसबाईंची आगाऊ साक्ष

कृपाला नोकरी लागायच्या आधीच तिच्या आईने नोकरी लागल्याची साक्ष देऊन टाकली, आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला.

बेलापूरच्या त्यांच्या चर्चमध्ये देवाने आपल्यासाठी काय केलं, ते रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून सांगायची रीत आहे; त्यालाच साक्ष म्हणतात. कुणाचा ताप उतरलेला असतो, कुणाची हरवलेली म्हैस सापडलेली असते. कृपा शुक्रवारी श्रीरामपूरच्या एमआयडीसीत, पाईपच्या कंपनीत स्टोअरच्या जागेसाठी मुलाखत देऊन आली होती. निकाल यायचा होता. पण तिच्या आईला, ग्रेसबाईंना, धीर कुठला! विश्वास म्हणजे विश्वास, असं म्हणत त्या उभ्या राहिल्या आणि लेकीला नोकरी लागली असं जाहीर करून मोकळ्या झाल्या. शेजारी कृपा त्यांचा पदर ओढत राहिली. सोमवारी कंपनीचा नकार आला.

यात कंपनीचा काही दोष नव्हता. ट्रकमधला माल कमी भरला आणि ड्रायव्हर अंगावर आला तर काय कराल, असं साहेबांनी विचारलं होतं. कृपा म्हणाली होती, “प्रार्थना करीन.”

सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येईल, असं पत्रात होतं. तोवर गावाला तोंड कसं दाखवायचं? ग्रेसबाईंनी दुसऱ्याच दिवशी डबा भरला आणि लेकीला रिक्षात बसवलं.

“अगं आई, जाऊ कुठं मी?”

“श्रीरामपूरला जा. कायतरी शीक. पर सहाच्या आत घरी दिसू नको. लोकास्नी वाटू दे, कामावर जातीस.”

कृपाने कॉम्प्युटरचा क्लास लावला. उरलेला वेळ शेजारच्या सिमेंटच्या गोदामात जाई. तिथल्या मॅनेजरने आधी चहा पाजला, मग पोती मोजायला लावली. हळूहळू ड्रायव्हरांशी हुज्जत घालणंही तिला जमू लागलं. पण रविवारी चर्चमध्ये गाठून एक काका म्हणायचे, आमच्या नोहालाही दे की चिकटवून. त्यांनी त्याचा बायोडाटा तिच्या बायबलमध्येच खोचला. आईवर ती मनापासून चिडली होती, आणि त्याच आईची फजिती होऊ नये म्हणून जिवाचं रान करत होती.

सातव्या महिन्यात ती त्याच साहेबांसमोर बसली. प्रश्नही तोच आला.

“ट्रक गेटबाहेर सोडणार नाही. चावी ठेवून घेईन, माल त्याच्यासमोर परत मोजीन,” कृपा म्हणाली. मग राहवलं नाही. “प्रार्थना मनातल्या मनात करीन.”

साहेब खो खो हसले. या वेळी पत्र होकाराचं आलं.

“आता गप बस,” रविवारी ग्रेसबाई कुजबुजल्या. “झाकली मूठ सव्वा लाखाची.”

पण कृपाला ते ओझं आणखी एक दिवसही नको होतं. ती उभी राहिली. “मला नोकरी परवा लागली. आधी नाकारलं होतं. सहा महिने मी रोज खोटा डबा घेऊन जात होते.”

पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या लंकाबाई मागे वळल्या.

“बस गं पोरी. ठावं हाय आमाला. माझा सुनील त्याच कंपनीच्या गेटवर वॉचमन हाय.”

ग्रेसबाई ताडकन उभ्या राहिल्या. “मग कुनी बोललं का न्हाई?”

“काय बोलायचं? दर शुक्रवारी आमी पंधराजनी माझ्या घरी हिच्यासाठी गुडघे टेकत हुतो. तुला कळू द्यायचं न्हाई, येवढं ठरलं हुतं.”